‘मस्त चाललंय’च्या पलीकडे

तुमच्या वर्गातलं, सोसायटीतलं किंवा नात्यातलं कोणी ना कोणी सध्या जर्मनीत असणारच. नसेल, तर निदान ‘जर्मनीचं बघतोय’ असं म्हणणारा एखादा तरी तुमच्या बेंचवर बसत असेल. तिकडे जाणाऱ्यांची रांग इतकी वाढलीय की २०२२-२३ मध्ये जर्मन विद्यापीठांमधल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला नंबर घेतला. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४९ हजारांच्या पुढे गेला. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, त्यामुळे अमेरिका न परवडणाऱ्या घरांनाही हे स्वप्न हाताशी आल्यासारखं वाटतं. ते चांगलंच आहे. जावंच.

पण गेल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे कसे जातात, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? आपल्याला दिसतात ते ब्रांडेनबुर्ग गेटसमोरचे फोटो, पिवळ्या रंगाची बर्लिनची मेट्रो आणि पहिल्या बर्फाचं रील. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘मस्त चाललंय.’ ऐकणाऱ्याला बरं वाटतं, सांगणारा सुटतो. आजचा विषय हेच दोन शब्द आहेत.

उदाहरण म्हणून बर्लिनच घेऊ. तिथे राहायला गेलं की १४ दिवसांत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं, ही व्यक्ती माझ्याकडे राहते, असं सहीचं पत्र लागतं. त्या पत्राचं जर्मन नाव नीट उच्चारायला शिकेपर्यंतच दोन आठवडे निघून जातील! विनोद सोडा, पण खरी अडचण इथेच आहे. बर्लिनमध्ये खोल्यांची टंचाई भयंकर. अनेक जण सुरुवातीला महिना-दोन महिन्यांसाठी मिळेल ती खोली घेतात, आणि अशा तात्पुरत्या जागेचा मालक बऱ्याचदा ते पत्र द्यायला तयार नसतो. पत्र नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर अडतो, रहिवासी परवान्याचं काम अडतं, काही बँका खातंही उघडून देत नाहीत. आणि बँक खातं, पगाराची स्लिप यातलं काही हातात नसेल तर पक्की खोली द्यायला घरमालक कां कू करतो. म्हणजे फिरून पुन्हा पहिल्या चौकात.

याच घाईचा फायदा घेणारे टपलेलेच असतात. खोलीचे सुंदर फोटो, भाडं बाजारापेक्षा कमी, ‘मालक’ म्हणे सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट आधी पाठवलं की चावी कुरिअरने येईल. चावी येत नाही. भारतात बसून खोली शोधणाऱ्याला ती जागा प्रत्यक्ष बघता येत नाही, म्हणून हा डाव चालतो. एक नियम घट्ट लक्षात ठेवा: स्वतः किंवा भरवशाच्या माणसाने खोली पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही. आणि करार करण्याआधी पहिला प्रश्न भाड्याचा नको. ‘इथे पत्ता नोंदवता येईल का?’ हा प्रश्न आधी.

आता एक साधीच गोष्ट, पण ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. तिकडच्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव बघून पत्र टाकतो. तुमचं आडनाव त्या डब्यावर चिकटवलेलं नसेल तर पत्र परत जातं. आणि जर्मनीत अजूनही महत्त्वाचं सगळं पोस्टानेच येतं: बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर. म्हणजे एक चिठ्ठी चिकटवायची राहिली म्हणून तीन आठवडे अडकून पडण्याची वेळ येऊ शकते. सीनियर्सनी हे एका ओळीत सांगितलं असतं तर?

पैशाचंही तसंच. व्हिसासाठी जे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागतं त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरोला शंभर रुपये धरले तरी हे जवळपास बारा लाख होतात. घरात इतकी रक्कम एकदम उभी राहिली की आई-बाबांना वाटतं, चला, वर्षाची सोय झाली. पण त्यातून महिन्याला हातात येतात ९९२ युरो. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, सेमिस्टरची वर्गणी, घराघरावर बसणारी रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोची मासिक फी वजा केली की उरलेल्यात महिना काढायचा. त्यातच पहिल्या महिन्यात डिपॉझिट, गादी, जॅकेट, भांडी हा सगळा खर्च एकदम येतो. ‘पार्ट टाइम करून भागवू’ हे आपलं लाडकं वाक्य. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, हे खरं. पण मुभा असणं आणि काम मिळणं यात बरंच अंतर असतं. जर्मन येत नसेल तर बऱ्याच कॅफेंत आणि दुकानांत दारातूनच परत फिरावं लागतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या हिशोबात पार्ट टाइमची कमाई शून्य धरा. मिळाली तर पार्टी करा.

मग ज्यासाठी गेलो तो अभ्यास. हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या आगेमागेच. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं आणि पुढे दोन छोटी अक्षरं असतात, सी टी. त्याचा अर्थ लेक्चर सव्वादहाला. लेक्चर संपलं की टाळ्यांऐवजी सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. हजेरीची कटकट अनेक विषयांना नसते. आपल्याला वाटतं, वा, मजा आहे! पण कोणी मागे लागत नाही याचा दुसरा अर्थ असा की कोणी आठवणही करून देत नाही. परीक्षेला बसायचं तर बहुतेक ठिकाणी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. एका विषयाची परीक्षा ठरावीक वेळाच देता येते, आणि शेवटची संधीही हुकली तर त्या कोर्समधूनच बाहेर पडावं लागू शकतं. एटीकेटीच्या भरवशावर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि हो, मार्क उलटे असतात: १.० सगळ्यात भारी, ५.० म्हणजे नापास. घरी ‘१.३ पडले’ सांगायच्या आधी हे जरूर समजावून सांगा.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट कुठल्याही फॉर्ममध्ये नसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. संध्याकाळी सात वाजता खोलीवर येऊन फोन हातात घ्यावा, तर इकडे साडेअकरा वाजलेले. डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. ज्याने आयुष्यात कधी एकट्याने जेवण केलेलं नाही, ज्याच्या घरी बेल न वाजवता शेजारच्या काकू आत येतात, त्याला ही शांतता अंगावर येते. यात कमकुवतपणाचा काही संबंध नाही. शरीराला ऊन कमी पडलंय, कानाला मराठी कमी पडतंय, आणि हातात करायला फक्त कागदपत्रं आहेत. कोणीही कोमेजेल.

मग खरं सांगत का नाहीत? कारणं आपल्याला माहीत आहेत. कोणाच्या बाबांनी राहतं घर तारण ठेवलेलं असतं. कोणाच्या आईने आख्ख्या गल्लीला पेढे वाटलेले असतात. एअरपोर्टवर वीस माणसं सोडायला आलेली असतात. एवढ्या सगळ्यांचं ओझं खांद्यावर घेऊन ‘मला इथे करमत नाही’ म्हणायला जीभ वळत नाही. घरच्यांना काळजी नको म्हणून खोटं बोललं जातं, आणि ते प्रेमापोटीच असतं. ते आम्हालाही समजतं.

तरीही आमचं म्हणणं आहे की या खोट्याची किंमत फार मोठी आहे, आणि ती एकटा बोलणाराच भरत नाही. ती त्याच्यानंतर जाणारा भरतो. यंदा गेलेल्या मुलीने खोलीच्या नावाखाली फसल्याचं लपवलं, तर पुढच्या वर्षीची तिची ज्युनिअर तशाच जाहिरातीला पैसे पाठवते. एखाद्याने परीक्षेची नोंदणी राहिल्याचं गिळून टाकलं, तर त्याच कॉलेजचा दुसरा तिथेच ठेचकाळतो. प्रत्येक बॅच नव्याने धडपडते, कारण आधीच्या बॅचने फक्त फोटो पाठवले. कन्सल्टंटचं काम व्हिसाचा शिक्का बसला की संपतं. त्यापुढची माहिती फक्त आपल्यातल्याच कोणाकडे असते, आणि ती त्याच्या पोटात राहते.

बर्लिनची आणि मराठी माणसाची ओळख आजची नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथे मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना युरोपियन आणि बिगर युरोपियन कवट्यांच्या ठेवणीत वंशानुसार फरक दाखवून हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक दिसला नाही, आणि दिसला नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच प्राध्यापकाच्या हातात. अपेक्षित उत्तर देणं किती सोपं होतं! त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. आपल्याकडून कोणी एवढ्या धैर्याची मागणी करत नाहीये. आपल्याला फक्त एका व्हिडिओ कॉलवर, जे दिसतंय ते सांगायचंय.

जे निघालेत त्यांना एक सुचवावंसं वाटतं. जाण्याआधीच घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाशी बोली करून ठेवा: ‘तुला मी खरं सांगेन, आणि तू लगेच घाबरून परत ये म्हणायचं नाहीस.’ सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, एकजण पुरतो. तिकडे पोचल्यावर विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस आणि विद्यार्थ्यांसाठीची समुपदेशन सेवा कुठे आहे, हे पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवा. गरज पडल्यावर शोधायचं म्हटलं की तेवढंही बळ उरलेलं नसतं. कँटीनला, म्हणजे तिथल्या मेन्सात, एकटं जेवायला लागलं तरी जा. खोलीत मॅगी खाण्यापेक्षा ते बरं.

जे आधीच तिथे आहेत त्यांनी एक पान लिहावं. काय चुकलं, किती पैसे गेले, कोणता कागद आधी करायला हवा होता. नाव घालू नका हवं तर. आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका, बस्स. आणि कॉलेजांनो, तुमच्या ब्रोशरवर परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे छापता, तसं वर्षातून एकदा त्यांना ऑनलाइन बोलवा आणि खरं बोलू द्या. त्याला ना बजेट लागतं, ना सभागृह.

उरलो आपण, इथे मागे राहिलेले. आपल्या हातात काय आहे? प्रश्न बदलणं. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘मस्त’ हेच उत्तर येणार. या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धतच नाही. त्याऐवजी विचारा, आज काय जेवलास? पत्ता नोंदवून झाला का? गेल्या आठवड्यात कोणाशी पोटभर बोललीस? असल्या साध्या प्रश्नांना खोटं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात खरं बाहेर येतं. आलं, की सल्ले देऊ नका. ऐका. रात्रीचे साडेअकरा वाजले असले तरी.