थकलेला कर आणि लिलावातले घर

कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या गॅझेटात आणि तेथील लहानसहान गावांच्या वृत्तपत्रांत ठरावीक साच्याची एक जाहिरात वारंवार येत असते. नगरपालिकेचे नाव, भूखंडाचे वर्णन, ‘किमान निविदा रक्कम’ आणि निविदा स्वीकारण्याची अखेरची तारीख व वेळ एवढाच तिचा मजकूर असतो. मस्कोका, हॅलिबर्टन, कावार्था लेक्स या सरोवरांच्या मुलखातील जाहिरात असेल, तर तिच्याकडे दूरच्या शहरांतील पुष्कळांचे डोळे लागलेले असतात. या सरोवरांच्या काठी शहरवासीयांची उन्हाळी घरे आहेत. त्यांना तिकडे कॉटेज म्हणतात. मालमत्ता कर थकल्यामुळे विक्रीस निघालेले असे एखादे घर थकबाकीएवढ्या किमान रकमेपासून मागता येते, आणि ही रक्कम बाजारभावाच्या कितीतरी खाली असू शकते. म्हणूनच अशी घरे कशी हेरावी आणि त्यांवर बोली कशी लावावी, याचे एक शास्त्रच तिकडे तयार झाले आहे.

या विक्रीचा कायदा वरकरणी निर्दोष दिसतो. ओंटारिओच्या २००१ च्या म्युनिसिपल अ‍ॅक्टमध्ये तिची रीत बारकाईने सांगितलेली आहे. कर थकला की त्यावर महिन्याला सव्वा टक्क्यापर्यंत, म्हणजे वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत आकार चढतो. कर ज्या वर्षी थकला त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या १ जानेवारीपासून नगरपालिकेला मालमत्तेच्या हक्कनोंदीवर थकबाकीचा दाखला चढविता येतो. २०१८ पूर्वी हीच मुदत एक वर्षाने अधिक होती. दाखला चढल्यावर मालकाला एक वर्ष मिळते. त्या अवधीत त्याने सारी थकबाकी, दंड आणि खर्च एकरकमी भरावा लागतो. थोडेथोडे भरीन म्हटले तर चालत नाही. हप्त्यांचा करार करता येतो, पण तो नगरपालिकेच्या मर्जीवर अवलंबून असतो. वर्ष सरले की जाहीर विक्री होते. ती लिलावाने किंवा मोहोरबंद निविदांनी करता येते. निविदेसोबत तिच्या रकमेच्या किमान २० टक्के अनामत जोडावी लागते. लिफाफे जाहीरपणे उघडले जातात, सर्वांत मोठ्या रकमेची निविदा मान्य होते आणि उरलेली रक्कम सूचना पाठविल्यापासून १४ दिवसांत भरावी लागते. ती न भरणाऱ्याची अनामत बुडते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या निविदाकाराला संधी मिळते.

या व्यवहारात उतरणाऱ्याला पुष्कळ तपास करावा लागतो, कारण नगरपालिका कसलीही हमी देत नाही. हक्क निर्वेध आहे की नाही, रस्ता पोचतो की नाही, सरकारचा काही हक्क शिल्लक आहे की नाही, यांपैकी एकाही गोष्टीची जबाबदारी आपल्यावर नाही असे ती जाहिरातीतच सांगून टाकते. विक्रीपूर्वी घरात शिरून पाहण्याचा अधिकार बोली लावणाऱ्याला नसतो आणि विक्रीनंतर घर रिकामे करून देण्याचे बंधन नगरपालिकेवर नसते. म्हणून जाणता ग्राहक जमीन-नोंदणीचे दप्तर चाळतो, झोनिंगचे नियम पाहतो, भूखंड दलदलीत तर नाही ना आणि त्यावर बांधकामाची परवानगी मिळेल ना, याची चौकशी करतो. तो वाटेवर उभा राहून छप्पर पाहतो, सांडपाण्याच्या टाकीविषयी शेजाऱ्यांना विचारतो. सरोवरालगत जुन्या मोजणीच्या काळी रस्त्यासाठी राखलेली ६६ फुटांची पट्टी असते. ती मागाहून विकत घेतलेली नसेल, तर पाण्याकाठचे म्हणून घेतलेले घर सार्वजनिक जमिनीवर उभे असल्याचे आढळू शकते. कित्येक भूखंडांवर केवळ होडीने पोचता येते. हा सारा तपास रास्तच आहे. कष्टाचे पैसे घालून दलदल विकत घ्यावी असे कोणी म्हणणार नाही.

परंतु या सगळ्या तपासात एक प्रश्न विचारण्याचे कोणालाच कारण पडत नाही. तो प्रश्न असा की, या घराचा कर थकला का?

गहाण असलेल्या घराचा कर सहसा फार काळ थकत नाही. आपले कर्ज बुडू नये म्हणून सावकार बँकच तो भरते आणि ऋणकोच्या खात्यावर चढविते. ज्याच्या पदरी वकील आणि हिशेबनीस आहेत त्याचाही कर विक्रीपर्यंत जात नाही. म्हणजे या वाटेने अखेरपर्यंत जाणाऱ्या घरांत काही ओसाड भूखंड सोडले, तर उरतात ती बव्हंशी कर्ज फिटलेली, वाडवडिलांकडून आलेली आणि वृद्धांच्या नावावर राहिलेली घरे. घरधनी मरण पावलेला असतो, वारस चार प्रांतांत विखुरलेले असतात, नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहतात. कोणी आजारी असतो, कोणाला स्मृतिभ्रंश झालेला असतो. कायद्याच्या दृष्टीने नोटीस नोंदीतल्या पत्त्यावर रवाना झाली की कर्तव्य संपले. ती वाचणारे कोणी आहे की नाही हे पाहण्याचे काम कोणाचेच नाही. आणि खरेदीखत एकदा नोंदले गेले की ते अंतिम ठरते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. उन्हाळी घर म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत दुसरे घर. ज्यांना एकही घर नाही अशा कोट्यवधींच्या जगात दुसरे घर गमावणाऱ्याचे अश्रू समाजवादी विचाराच्या माणसाने का पुसावेत? शिवाय कर हा रस्त्याचा, पाण्याचा, अग्निशमनाचा पैसा आहे. तो बुडविणाऱ्याची बाजू घेणे म्हणजे प्रामाणिकपणे भरणाऱ्या शेजाऱ्यावर भार टाकणे होय.

कर वसूल झालाच पाहिजे, यात वाद नाही. मालमत्तेवरील कर ही लोकसत्तेच्या हातातील एक न्याय्य साधनसामग्री आहे आणि ती दुबळी करण्याची मागणी धनिकांकडून येते, श्रमिकांकडून नव्हे. प्रश्न वसुलीचा नाही. वसुलीच्या नावाखाली किती घ्यावे आणि घेतलेले कोणाच्या हाती जावे, हा आहे. शिवाय करविक्रीचा कायदा पहिले घर आणि दुसरे घर असा भेद करीत नाही. निवृत्तीनंतर याच उन्हाळी घरात बारमाही राहणारी माणसे आहेत. जो कायदा सरोवराकाठी लागू होतो, तोच गावातील गल्लीतही लागू होतो.

ओंटारिओच्या कायद्यात एक तत्त्व निदान मान्य केलेले आहे. थकबाकी वजा जाता उरलेली रक्कम न्यायालयात जमा होते आणि हक्कदारांना, प्रथम गहाणदारांना व अखेर मालकाला, ती अर्ज करून मिळविता येते. मात्र मुदतीत कोणी अर्ज केला नाही, तर ती नगरपालिकेची होते. ज्याला नोटीस वाचता आली नाही त्याने न्यायालयात अर्ज करावा, ही अपेक्षा किती वास्तव आहे याचा विचार सुज्ञांनी करावा.

शेजारच्या अमेरिकेत तर कित्येक राज्यांत हे तत्त्वही नव्हते. मिशिगनमध्ये एका मालकाचा केवळ ८ डॉलर ४१ सेंट इतका कर कमी भरला गेला होता. व्याज आणि खर्च धरून येणे २८५ डॉलरांवर गेले. काउंटीने मालमत्ता २४,५०० डॉलरांना विकली आणि सारी रक्कम ठेवून घेतली. २०२० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरविले. मिनेसोटात जेराल्डिन टायलर या वृद्धेचे मिनियापोलिसमधील एका खोलीचे घर सुमारे १५,००० डॉलरांच्या येण्यासाठी गेले. त्यात मूळ कर होता सुमारे २,३०० डॉलर, बाकी व्याज, दंड आणि खर्च. घर ४०,००० डॉलरांना विकले गेले आणि वरचे २५,००० डॉलर हेनेपिन काउंटीने ठेवले. २५ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की काउंटीला आपला कर घेता येईल, पण थकबाकीचे निमित्त करून येण्याहून अधिक मालमत्ता हिरावता येणार नाही. त्या वेळी टायलरबाईंचे वय ९४ होते. त्यानंतर अनेक राज्यांना आपले कायदे तपासावे लागले.

डेट्रॉइट शहराचा अनुभव याहून कडू आहे. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार घराचे करपात्र मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. २००८ नंतर तेथील घरांचे भाव कोसळले, पण मूल्यांकन त्या मानाने उतरविले गेले नाही. बर्नाडेट अतुआहेने या विदुषीच्या संशोधनाने हा अन्याय उघडकीस आणला. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांची राहती घरे मुळातच अवैध असलेल्या आकारणीपोटी लिलावात गेली, आणि त्या लिलावाच्या दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरांपासून सुरू होत असे. आकारणीच चुकीची असेल, तर थकबाकी कोणाची म्हणावी?

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनींना आपल्याकडे ‘आकारी पड’ असा शब्द आहे. क्षुल्लक थकबाकीपोटी गेलेल्या या जमिनींच्या नोंदीत पिढ्या उलटल्या तरी कुटुंबांच्या कागदोपत्री सरकारचे नाव कायम राहिले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्या मूळ धारकांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्या बाजूने, १९६६ च्या आपल्या जमीन महसूल संहितेत एक शहाणपणाची तरतूद आहे. महसुलाच्या थकबाकीपोटी मालमत्ता विकली गेली, तरी ३० दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदारासाठी त्याच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून मालकाला विक्री रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. खरेदीदाराचेही नुकसान होत नाही आणि शेवटच्या क्षणी जागा झालेल्या माणसाचे घरही वाचते. श्रीमंत देशांच्या कायदेकर्त्यांनी उचलावी अशी ही गोष्ट आहे.

तात्पर्य, मागण्या साध्या आहेत. हप्त्याने फेड हा मालकाचा हक्क असावा, मेहेरबानी नव्हे. राहत्या घराची विक्री करण्यापूर्वी कोणीतरी अधिकाऱ्याने त्या घराचे दार प्रत्यक्ष ठोठावले पाहिजे. उरलेली रक्कम मालकाने मागण्याची वाट न पाहता त्याचा वा त्याच्या वारसांचा शोध घेऊन ती पोचविली पाहिजे. आणि विकावयाचेच असेल, तर वाजवी किंमत देऊन ती जागा प्रथम स्थानिक श्रमिकांच्या निवासासाठी घेण्याची सोय असावी. आज किमतीच्या पाचव्या हिश्श्याची अनामत आणि १४ दिवसांत बाकीचे रोकड पैसे, अशा अटींवर गावातली परिचारिका किंवा हॉटेलातला आचारी बोली लावू शकत नाही. ज्याच्याकडे पैसा पडून आहे तोच लावू शकतो. कर गोळा होतो सर्वांच्या नावाने, आणि स्वस्तातले घर मात्र जाते अगोदरच घर असलेल्याकडे.

बोली लावणाऱ्या सामान्य माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. तो नियमांनी उघडलेल्या दारातून आत येतो. पण ते दार कोणी, कसे आणि कोणाच्या घराला पाडले आहे, हे पाहणे लोकप्रतिनिधींचे काम आहे. सरोवराकाठच्या त्या घराच्या हक्कनोंदीत सारे काही सापडते: मोजणी, गहाण, वहिवाट, थकबाकी. ते घर कोणी बांधले आणि कोणाच्या आजारपणात त्याचा कर भरायचा राहिला, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नसते. ती नोंद घेतल्यावाचून वसुलीला न्याय म्हणता येणार नाही.