रेघ ओढणारे आणि रेघेवर राहणारे

दिवाळी अंकातल्या नवलाच्या पानाकडून वाचकांची अपेक्षा माफक असते. एका हातात चकली धरून ते वाचावे, शेजारी बसलेल्याला कोपराने ढोसून ‘‘हे ऐकलंत का?’’ म्हणावे, आणि पान उलटावे! दोन डोक्यांचे वासरू, हातभर वाढलेली नखे, तांदळाच्या दाण्यावर लिहिलेला श्लोक. असल्या नवलांना जगात तोटा नाही. पण यंदा मी निवडलेले नवल कुठल्याही प्रदर्शनात मांडता येणार नाही. कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. ते नवल म्हणजे रेघ! देशादेशांमधली रेघ, आणि वारावारांमधलीही.

नकाशावर रेघ ओढायला एक पेन्सिल पुरते. पण ती रेघ एखाद्याच्या माजघरातून गेली तर? किंवा एखाद्याच्या शुक्रवारातून गेली तर? अशी ठिकाणे जगात खरोखरच आहेत. चला, जरा फिरून येऊ. पासपोर्टाची गरज नाही; फराळाचे ताट मात्र हाताशी असू द्या.

पहिला मुक्काम युरोपात, बार्ले या गावी. गाव लहानसे, वस्ती नऊ-दहा हजारांची. ते नेदरलँड्समध्ये आहे म्हणावे तर पुरते खरे नाही, आणि बेल्जियममध्ये आहे म्हणावे तरी नाही. नेदरलँड्सच्या भूमीत बेल्जियमचे बावीस तुकडे विखुरलेले आहेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात तुकडे आहेत. गावाचा नकाशा पाहिला की अनारशाची जाळी आठवते.

या जाळीचे मूळ ११९८ सालात आहे. ब्रॅबंटचा ड्यूक हेन्री आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात जमिनीची वाटणी झाली. काही तुकडे याने ठेवले, काही त्याला दिले. आपल्याकडे भाऊबंदांत होते तशीच ही वाटणी. पुढे ड्यूक गेले, सरदार गेले, राज्ये बदलली. वाटणी मात्र कायम राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा! १८४३ साली दोन्ही देशांचे अधिकारी सरहद्द आखायला बसले, तेव्हा इथे सलग रेघ ओढणे त्यांना जमेना. शेवटी त्यांनी रेघेचा नाद सोडला आणि ५,७३२ तुकड्यांची यादी करून कोणता तुकडा कोणाचा ते लिहून काढले. तरीही तंटा पुरता मिटला नाही. दोन शेतजमिनींचा वाद थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९५९ साली निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला.

पण कागदावर एवढे जंजाळ असून गाव सुखाने नांदते. रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांनी सरहद्द दाखवलेली आहे. गावाला नगराध्यक्ष दोन, नगरपालिका दोन. घराच्या मधूनच रेघ गेली असेल तर ते घर कोणत्या देशाचे? याचे उत्तर गावाने मोठ्या शहाणपणाने दिले आहे: पुढचे दार ज्या देशात, घर त्या देशाचे. म्हणजे देश बदलायचा झाला तर वकिलाकडे जायला नको; सुताराला बोलवावे आणि दार चार हात पलीकडे बसवावे! एका घराच्या तर दारातूनच रेघ गेली आहे; त्या घराला दोन देशांचे दोन क्रमांक आहेत.

ही रेघ कधी उपयोगीही पडली. पहिल्या महायुद्धात जर्मनीने जवळजवळ सारा बेल्जियम व्यापला. पण बार्लेतला बेल्जियम तटस्थ नेदरलँड्सच्या पोटात सुरक्षित राहिला, आणि १९१५ साली तिथे बेल्जियमचे बिनतारी संदेशकेंद्र उभे राहिले. उलट २०२० सालच्या महामारीत बेल्जियमने दुकाने बंद केली, नेदरलँड्सने तितकी कडक बंदी केली नाही. मग रेघेवरच्या एका कापडाच्या दुकानाचा अर्धा भाग उघडा आणि अर्धा भाग पट्टी लावून बंद, असा देखावा दिसला. गिऱ्हाईक हसले, दुकानदारही हसला असेल. गाव करी ते राव न करी, ही म्हण बार्लेकरांना कोणी शिकवली नाही. पण ते आठशे वर्षे तिच्यावर चालत आले आहेत.

जमिनीवरच्या रेघेचे हे असे. आता काळावरची रेघ पाहू. प्रशांत महासागरातून उत्तर-दक्षिण एक काल्पनिक रेघ जाते. तिच्या पश्चिमेला नवा दिवस आधी उगवतो, पूर्वेला आदल्या दिवसाची तारीख चालू असते. ही रेघ सरळ नाही. बेटांना वळसे घालत ती वाकडीतिकडी जाते, आणि मनात आले तर एखादा देश तिला उचलून स्वतःच्या पलीकडेही ठेवू शकतो!

सामोआ या बेटांच्या देशाने हे एकदा नव्हे, दोनदा केले. १८९२ साली त्यांचा व्यापार अमेरिकेशी वाढला होता. म्हणून अमेरिकेच्या तारखेशी जुळवून घेण्यासाठी त्यांनी ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा पाळला. सव्वाशे वर्षे व्हायच्या आत व्यापाराची दिशा फिरली. आता देवघेव ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी. सामोआत शुक्रवारी कचेऱ्या उघडाव्यात तर तिकडे शनिवारची सुट्टी. तिकडे सोमवारची गडबड सुरू व्हावी तर सामोआ रविवारच्या प्रार्थनेला! आठवड्याचे दोन दिवस फुकट जात. तेव्हा २०११ साली २९ डिसेंबरच्या गुरुवारी लोक झोपले आणि उठले ते शनिवारी, ३१ डिसेंबरला. मधला शुक्रवार त्या देशाच्या इतिहासात झालाच नाही. त्या तारखेला ज्यांचे वाढदिवस होते त्यांनी काय करावे, हा प्रश्न होताच. पण मला आवडली ती सरकारची आज्ञा. न उगवलेल्या शुक्रवारचा पगार नोकरांना पुरा द्यावा, असे मालकांना फर्मावण्यात आले. रेघ हलवणाऱ्याला रेघेवरच्या माणसाच्या पोटाची आठवण राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

शेजारचा अमेरिकन सामोआ मात्र रेघेच्या जुन्या बाजूलाच राहिला. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ, तारखेत मात्र एका दिवसाचे अंतर. छोट्या विमानातून तिकडे गेले की कालचा दिवस पुन्हा मिळतो. तिथीचा क्षय आणि तिथीची वृद्धी या गोष्टी आपल्या पंचांगवाल्यांना नव्या नाहीत. पण तिकीट काढून वृद्धी मिळवायची सोय काही आपल्याकडे नाही!

सामोआला हसण्याआधी जरा आपल्या मुंबईकडेही पाहावे. आपला तो बाब्या, असे म्हणून सोडून देता येणार नाही. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरवली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटांनी मागे होती. मुंबईने नवी वेळ मुकाट्याने घेतली असे समजू नका! सरकारी घड्याळ एक वेळ दाखवी आणि शहर दुसरी वेळ पाळी. पालिकेनेही जुनी वेळ धरून ठेवली. हा नुसता हट्ट नव्हता. गिरणीकामगारांनी या बदलाला विरोध केला, कारण घड्याळाचा काटा ३९ मिनिटे पुढे सरकला तरी सूर्य काही पुढे सरकत नाही. पहाटेच्या अंधारात ३९ मिनिटे आधी उठायचे ते कामगारालाच. शिवाय वेळही सरकारची का घ्यावी, हा बाणा होताच. ही ‘मुंबईची वेळ’ १९५५ सालापर्यंत टिकली. म्हणजे एका शहरात दोन घड्याळे जवळजवळ पन्नास वर्षे शेजारी शेजारी नांदली.

येथवरच्या गोष्टी हसतखेळत सांगता आल्या. पुढच्या दोन तशा नाहीत.

आशिया आणि अमेरिका जिथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात त्या बेरिंगच्या सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटे आहेत. मोठे रशियाचे, धाकटे अमेरिकेचे. मधले अंतर चार किलोमीटरही नाही. १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला विकला तेव्हा सरहद्द या दोन बेटांच्या मधून गेली, आणि तारखेची रेघही तिथूनच जाते. त्यामुळे धाकट्या बेटावर शनिवारची दुपार असते तेव्हा मोठ्यावर रविवार उजाडलेला असतो. मोठ्याला ‘उद्याचे बेट’ आणि धाकट्याला ‘कालचे बेट’ म्हणतात. किनाऱ्यावर उभे राहून समोर उद्याचा दिवस पाहावा! याहून गोड नवल ते कोणते?

पण या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इन्युपिआत लोकांना काल आणि उद्या ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होती ती मामाची आणि आत्याची घरे. होडीतून किंवा गोठलेल्या समुद्रावरून त्यांचे जाणेयेणे चाले. १९४८ साली दोन महासत्तांमध्ये तेढ आली, सोव्हिएत सरकारने मोठ्या बेटावरच्या लोकांना मुख्य भूमीवर हलवले आणि ही वाट बंद झाली. कुटुंबे दोन बाजूंना राहिली. चार किलोमीटरांवरचे नातेवाईक जगाच्या दुसऱ्या टोकाला गेले. आज मोठ्या बेटावर गावच नाही, सरहद्दीवरचे पहारेकरी आहेत. १९८७ सालच्या ऑगस्टमध्ये लिन कॉक्स ही अमेरिकन बाई परवानगी मिळवून त्या बर्फासारख्या पाण्यातून दोन तासांहून थोडा अधिक वेळ पोहून ‘काल’मधून ‘उद्या’त गेली. त्याच वर्षअखेरीस वॉशिंग्टनमध्ये गोर्बाचेव्ह यांनी तिचे जाहीर कौतुक केले. दोन्ही देश एकमेकांच्या किती जवळ राहतात, हे एका पोहणाऱ्या बाईने दाखवून दिले होते!

शेवटचा मुक्काम आपल्याच देशाच्या सीमेवर, कूचबिहारात. इथे बार्लेही फिके पडावे. भारताचे शंभराहून अधिक तुकडे बांगलादेशात आणि बांगलादेशाचे पन्नासच्या वर तुकडे भारतात, असा पसारा होता. लोककथा म्हणते, कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळत आणि पणाला गावे लावत. इतिहास इतका रंगेल नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, त्यात एकमेकांच्या मुलखातल्या जमिनी ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. पुढे रंगपूर पाकिस्तानात गेले, कूचबिहार १९४९ साली भारतात आले, आणि जमिनीचा जुना हिशेब एकाएकी दोन राष्ट्रांची सरहद्द झाला. बंगालीत या तुकड्यांना छिटमहल म्हणतात. मराठीत छीट म्हणजे बारीक नक्षीचे कापड; नकाशा तसाच दिसे.

या नक्षीतला सर्वांत नामी ठिपका म्हणजे दहला खागडाबाडी. पावणेदोन एकरांचे एक शेत. ते भारताचे, ते होते बांगलादेशी तुकड्यात, तो तुकडा होता भारतीय तुकड्यात, आणि तो भारतीय तुकडा बांगलादेशात! डबीत डबी, त्या डबीत डबी. नवलांच्या पुस्तकांनी हे शेत मोठ्या हौसेने छापले.

मोठ्या डब्यांत माणसे राहत होती. २०११ साली मोजदाद झाली तेव्हा छिटमहलांतली वस्ती ५१ हजारांच्या वर भरली. त्यांना वीज नव्हती, सरकारी शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, चोरी झाली तर फिर्याद घ्यायला फौजदार नव्हता. आपल्याच देशात जायचे तर परक्या मुलखातून जावे लागे. त्याला परवाना हवा. आणि परवान्याची कचेरी आपल्या देशात! मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या गावातल्या कोणा भल्या माणसाचे नाव बाप म्हणून लावावे लागे. दुसऱ्याचे नाव बाप म्हणून सांगणाऱ्या त्या मुलाला या नकाशातली गंमत कोणी आणि कशी समजावून द्यावी?

१९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला. तो अमलात यायला एक्केचाळीस वर्षे लागली. २०१५ साली आपल्या घटनेत शंभरावी दुरुस्ती झाली, आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे एकमेकांत विलीन झाले. कोणत्या देशाचे व्हायचे, हे लोकांना विचारण्यात आले. बहुतेकांनी उत्तर दिले, आमचे घर जिथे आहे त्या देशाचे. घरदार सोडून भारतात आलेले हजाराहूनही कमी. बार्लेकरांचा दाराचा नियम बंगालच्या शेतकऱ्यांना ठाऊक नव्हता, पण निवाडा त्यांनी तोच केला.

त्या रात्रीनंतर नवलांच्या पुस्तकातले एक पान कमी झाले. दहला खागडाबाडी आज बांगलादेशातल्या इतर शेतांसारखे एक साधे शेत आहे. ते पाहायला कोणी मुद्दाम जाणार नाही. जगातले एखादे नवल नाहीसे झाले याचा आनंद मानावा, अशी वेळ या पानावर क्वचितच येते. त्या मध्यरात्री छिटमहलांतल्या लोकांनी गेलेल्या वर्षांच्या हिशेबाने अडुसष्ट मेणबत्त्या लावल्या. अमावास्या नव्हती, आश्विनही नव्हता. पण ती दिवाळीच होती.