उन्हाळा विद्यार्थ्यांच्या हाती द्या

राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या स्टार्टअप, उद्योजकता व नावीन्यता धोरणातले आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहेत. पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअप, सव्वा लाख उद्योजक, ५०० कोटींचा महाफंड आणि आयटीआय, तंत्रनिकेतने व महाविद्यालयांत सूक्ष्म इनक्युबेटर. सरकारने यासाठी पैसा बाजूला काढला, हे चांगलेच झाले. पण ज्या विद्यार्थ्याच्या नावाने हे सारे चालले आहे, त्याने आपली कल्पना तपासून पाहायची कधी? याचे उत्तर ना मंत्रालयातून मिळते, ना कुलगुरूंच्या दालनातून. आमची मागणी साधी आहे. विद्यार्थ्याला उन्हाळा मोकळा द्या आणि त्या काळात जगण्यापुरते पैसे द्या. या दोन गोष्टी दिल्या नाहीत, तर इनक्युबेटरच्या खोल्या कुलूपबंदच राहतील.

आज विद्यार्थ्यांना उन्हाळा मिळतच नाही. सत्र पद्धत आल्यापासून परीक्षा मे-जूनपर्यंत रेंगाळतात आणि निकाल त्याहून पुढे जातात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीचा जो गोंधळ घातला, त्यात राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. तो प्रसंग टोकाचा होता, पण वृत्ती सगळीकडे तीच आहे. वेळापत्रक आखताना परीक्षा विभागाची सोय पाहिली जाते, परीक्षकांची पाहिली जाते, केंद्रांची पाहिली जाते. विद्यार्थ्याचा वेळ मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. पेपर कधी संपणार हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने साथीदार कधी जमवायचे आणि गिऱ्हाईक कधी शोधायचे?

मोकळ्या उन्हाळ्याने काय साधते, याचा दाखला वीस वर्षांपूर्वीचा आहे. २००५ मध्ये पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये विद्यार्थी व नवपदवीधरांसाठी एक उन्हाळी उपक्रम सुरू केला. नवउद्योगांना सुरुवातीचे भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेची ती पहिली तुकडी. गट आठच होते आणि रक्कम माणशी सुमारे सहा हजार डॉलर, म्हणजे उन्हाळाभर भाडे आणि जेवण भागेल एवढीच. बदल्यात कंपनीतला छोटा हिस्सा घेतला गेला. कामाला मोकळीक होती आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांचे एकत्र जेवण, त्या वेळी अनुभवी उद्योजकांशी गप्पा. त्या आठ गटांत स्टॅनफर्डचा वीस वर्षांचा सॅम ऑल्टमन होता, पुढे ओपनएआयचा सहसंस्थापक झालेला. रेडिटचे दोन संस्थापकही होते. मोबाइलवरून जेवण मागवण्याची त्यांची पहिली कल्पना नाकारली गेली होती, पण निवडणाऱ्यांनी माणसे हेरली आणि दुसरी कल्पना घेऊन या म्हणून बोलावले.

त्याच तुकडीत येलमधून आलेल्या जस्टिन कान आणि एमेट शिअर यांनी किको नावाचे ऑनलाइन कॅलेंडर बनवले होते. पुढच्याच वर्षी गुगलने आपले कॅलेंडर आणले आणि किको ईबेवर लिलावात विकावे लागले. आपल्याकडच्या मोजदादीत ही जोडी नापास ठरली असती. पण याच दोघांच्या पुढच्या उद्योगातून ट्विच हे थेट व्हिडिओ प्रसारणाचे संकेतस्थळ उभे राहिले आणि २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतले. उन्हाळी उपक्रमातून कंपनीच निघाली पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. अशा उन्हाळ्यातून माणूस तयार होतो. कंपनी कधी तेव्हाच निघते, कधी पाच वर्षांनी, कधी निघतच नाही.

आपल्याकडे मात्र सगळा जोर मोजण्यावर. केंद्राच्या पुढाकाराने महाविद्यालयांत नावीन्यता परिषदा स्थापन झाल्या आणि त्यांना तारांकित गुणांकन मिळू लागले. मग व्याख्यान ठेवायचे, फलकासमोर फोटो काढायचा, अहवाल चढवायचा आणि गुण पदरात पाडायचे, हा अनेक ठिकाणचा शिरस्ता झाला. कितीतरी खासगी महाविद्यालये तर चार दिवसांच्या शिबिरासाठी विद्यार्थ्यांकडूनच शुल्क घेतात आणि हातात प्रमाणपत्र ठेवतात. ही पोरांची फसवणूक आहे. आता ५० हजारांचे लक्ष्य वरून खाली उतरेल तेव्हा प्राचार्यांना आकडे द्यावे लागतील आणि कागदावर कंपन्या जन्माला येतील. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांची आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. सोळा वर्षांचे हे काम कोणत्या तिमाही अहवालात बसवणार?

पैशाचा प्रश्न तर याहून कठोर आहे. पुण्या-मुंबईतल्या सुखवस्तू घरातला मुलगा सुट्टीत बिनपगारी प्रयोग करू शकतो. नंदुरबारची किंवा गडचिरोलीची मुलगी करू शकत नाही. तिला सुट्टीत शेतावर राबावे लागते किंवा मिळेल ती नोकरी धरावी लागते. मानधन नसलेला उन्हाळी उपक्रम हा पैसेवाल्यांचा उपक्रम होतो. एमआयटीसारखी श्रीमंत संस्थासुद्धा आपल्या डेल्टा व्ही या उन्हाळी उपक्रमात विद्यार्थ्यांना मानधन देते आणि कंपनीत हिस्सा मागत नाही. इथे पैसा नाही, हे कारण चालणार नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार रुपये देण्याची तयारी याच राज्याने दाखवली. सरकारी कार्यालयात बसण्यासाठी दहा हजार देता येतात, तर स्वतःचे काही उभे करू पाहणाऱ्याला का नाहीत? दहा हजार विद्यार्थ्यांना तीन महिने हीच रक्कम दिली, तर खर्च येतो ३० कोटी. पाचशे कोटींचा फंड मिरवणाऱ्या सरकारला हा बोजा म्हणता येणार नाही.

बहुतेक कल्पना बुडतील, जनतेचा पैसा वाया जाईल, अशी ओरड होईल. बुडतील, आणि बुडू द्याव्यात. विसाव्या वर्षी तीस हजार रुपयांत बुडालेली कल्पना ही चाळिशीत घर गहाण टाकून बुडालेल्या धंद्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या परिसंवाद भरवतो. पण ज्या वयात धडपडून शिकायचे, त्या वयात मुलांना एटीकेटीच्या धाकात ठेवतो आणि पुढे नोकरभरतीच्या रांगेत उभे करतो. हा दोष समाजाच्या रक्तात शोधू नये. तो आपल्या शिक्षणव्यवस्थेचा आहे.

तेव्हा धोरणाच्या अंमलबजावणीत तीन गोष्टी बंधनकारक करा. एक, सर्व विद्यापीठांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपल्या पाहिजेत आणि ही मुदत चुकवणाऱ्या विद्यापीठाकडे जाब मागितला पाहिजे. दोन, उन्हाळी उपक्रमातल्या विद्यार्थ्याला दरमहा मानधन थेट बँक खात्यात मिळाले पाहिजे आणि निम्म्याहून अधिक जागा मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयांना गेल्या पाहिजेत. तीन, या कामाला श्रेयांक मिळाले पाहिजेत. नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात चार श्रेयांकांच्या कामाची सोय केलेलीच आहे, ती स्वतःचा उद्योग आजमावणाऱ्यांनाही लागू करा. श्रेयांक देताना किती नोंदणी झाली हे विचारू नका, विद्यार्थी काय शिकला ते विचारा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर सव्वा लाख उद्योजकांचे आकडे सरकारने तरुणांना पुन्हा ऐकवू नयेत.