पायगाडी : रस्त्यावर कीं पदपथावर ?

पालघर आणि बोईसर-तारापूर या टापूंत ओटीवर अथवा जिन्याखालीं एखादी पायगाडी टेकून ठेविलेली नाहीं, अशीं घरें थोडींच असतील. तिला कोणी सायकल म्हणतात. 'दुचाकी' हें तिचें जुनें नांव मध्यंतरीं फटफटीनें पळविलें, म्हणून आम्ही येथें पायगाडी हाच शब्द योजिला आहे. मुलें तिजवर बसून शाळेस येतात, वडील तिजवर बसून कारखान्याच्या पाळीला जातात. ती कोठून चालवावी याविषयीं मात्र घरोघर एकच उपदेश ऐकूं येतो : "रस्त्यावर जाऊं नको, फूटपाथवरून जा." हा उपदेश मायेपोटीं निघालेला आहे व त्यामागील भीति खरी आहे. तथापि आमच्या मतें तो उपदेश बरोबर नाहीं. पायगाडीची जागा रस्त्यावर आहे. आणि रस्त्यावर तिला जागा मिळत नसेल तर तो दोष रस्त्याचा होय, तिचा नव्हे.

हा वाद पायगाडीइतकाच जुना आहे. १८१७ च्या जून महिन्यांत जर्मनींतील मानहाइम नगरीं कार्ल ड्राइस नांवाच्या गृहस्थानें दोन चाकांचें एक लांकडी यंत्र बाहेर काढलें. त्यास पायडल नव्हते. स्वारानें आसनावर बसून दोन्ही पायांनीं जमीन मागें रेटावयाची व पुढें धांवावयाचें, असा तो प्रकार होता. घोड्यांच्या गाड्यांनीं रस्ते चाकोऱ्यांनीं भरलेले, तेव्हां हे स्वार साहजिकच गुळगुळीत पदपथावर चढले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथील अधिकाऱ्यांस पदपथावर हें यंत्र चालविण्यास मनाई करावी लागली. यंत्रास जन्मून सहा महिने झाले होते ! इंग्लंडांत पदपथावर गाडी हांकणें हा १८३५ च्या कायद्यानें गुन्हा ठरला होता. पायगाडी ही 'गाडी' कीं नव्हे, हा प्रश्न पुढें न्यायालयापर्यंत गेला. १८७९ सालीं एका खटल्यांत ती गाडीच होय असा निर्णय झाला, व १८८८ सालीं पार्लमेंटनें तें कायद्यांतच लिहून टाकलें. आपल्या इकडे, मुंबई राज्यांत १९५१ सालीं झालेला व आज महाराष्ट्र पोलीस कायदा या नांवानें चालू असलेला कायदाही वाहनांच्या व्याख्येंत पायगाडीचा समावेश करितो आणि पदपथावर वाहन नेण्यास मनाई करितो. या मनाईंत कोणाला कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. जें वाहन ठरलें त्यास रस्त्याचा अधिकारही मिळाला. दहा चाकांच्या मालमोटारीचा जेवढा, तेवढाच.

पदपथ मग कोणाचा ? पालघरच्या बाजारांत माशांची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या कोळणीचा तो आहे. तिला मान वळवून मागें पाहतां येत नाहीं, हें ज्यानें कधीं डोक्यावर ओझें वाहिलें असेल त्यास सांगावयास नको. काठी टेकीत दवाखान्याकडे निघालेल्या आजोबांचा तो आहे, आणि आईचें बोट सोडून मध्येंच फुगेवाल्याकडे धांवणाऱ्या पोराचाही आहे. पायीं चालणारा मनुष्य तासाला चार-पांच किलोमीटर जातो. पायगाडी सहज बारा-पंधरा जाते, आणि तीही मागून, आवाज न करितां. तीन वर्षांचें मूल पायगाडीखालीं आलें तर त्याच्या आईस ती मोटार नव्हती या गोष्टीचें कितीसें समाधान वाटेल ?

येथवर पालक आमच्याशीं सहमत होतील. पण "दुसऱ्याचें राहूं द्या, माझा मुलगा तरी पदपथावर सुखरूप राहतो ना ?" असें ते विचारतील. हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण मुलगा तेथेंही सुखरूप नसतो असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्याकडील पदपथ म्हणजे बहुधा गटारावर टाकलेलीं झांकणें. वीस पावलांवर एखाद्या दुकानाची पायरी पुढें आलेली, पुढें कोणाचें फाटक, पुढें आडवी लावलेली फटफटी, आणि त्यापुढें एक झांकण गायब. प्रत्येक ठिकाणीं मुलास रस्त्यावर उतरावें लागतें, व तें एकाएकीं. मागून येणाऱ्या मोटारवाल्यानें तोंपर्यंत त्यास पाहिलेलें नसतें. मोटार हांकणाऱ्याची नजर रस्त्यावर असते. पदपथ हा त्याच्या लेखीं भिंतीसारखा. भिंतींतून मुलगा बाहेर पडेल अशी त्याची अपेक्षाच नसते. गल्लीच्या तोंडाशीं डावीकडे वळणारा टेंपो तर हमखास अशा मुलाच्या अंगावर जातो. उलट रस्त्याच्या डाव्या कडेनें सरळ रेषेंत चाललेला मुलगा शंभर पावलांवरून दिसत असतो, आणि जो दिसतो त्यास चुकवून जातां येतें.

दूरच्या देशांचाही अनुभव हाच आहे. जपाननें १९७० च्या सुमारास मोटारींच्या अपघातांस भिऊन पायगाड्यांस कांहीं पदपथांवर येऊं दिलें. पुढें पादचाऱ्यांचे हाल होऊं लागले, आणि अलीकडे तेंच सरकार पायगाडीस पुन्हां रस्त्यावर आणण्याच्या खटपटींत आहे. जर्मनीचा नियम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो : आठ वर्षांखालील मुलानें पदपथावरूनच जावें, दहापर्यंत त्यास तशी मुभा असावी, पुढें नाहीं. एवढा अपवाद आम्हीही मान्य करूं. प्राथमिक वर्गांतील मुलास कोणीं मालमोटारींच्या मध्यें ढकलावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

हें वाचून बोईसरचे वाचक गालांतल्या गालांत हंसत असतील हें आम्ही जाणतों. पदपथावर जावें कीं न जावें हा वाद खरा, पण पदपथ आहे कोठें ? १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र चालू झालें, पुढें औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे व कापडाचे कारखाने उभे राहिले; आणि भातखाचरांमधून जाणाऱ्या गांवच्या सडकांवर परप्रांतांतून आलेल्या हजारों माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा भार पडला. रस्ते मागाहून रुंद झाले, पण मोटारींसाठीं. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे, राष्ट्रीय महामार्गास मिळणाऱ्या रस्त्यावर, टँकर व मालमोटारी रात्रंदिवस चालतात. चिंचणी-तारापूरकडील जुन्या वस्तींत तर समोरासमोर दोन मोटारी आल्या कीं चालणाऱ्यानें कोणाच्या तरी ओट्यावर चढावें. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगांवीं २०२१ पासून नवें जिल्हा मुख्यालय आहे, तेव्हां तिकडील रहदारीही वाढली. वाढवण बंदराचा पायाही २०२४ च्या ऑगस्टांत घातला गेला. त्या कामाच्या मालमोटारी कोणत्या रस्त्यांनीं धांवतील हें विचारण्याची वेळ आतांच आहे.

अशा ठिकाणीं पायगाडीवाल्याचा खरा आधार म्हणजे डांबरी रस्त्यालगतची साईडपट्टी; आणि आमचा सर्वांत मोठा आक्षेप येथेंच आहे. ही पट्टी उभ्या मालमोटारींनीं व्यापिलेली असते. कारखान्यांत माल उतरविण्याची पाळी येईपर्यंत चालक तेथें गाडी लावितो, स्टोव्ह पेटवितो, झोंपतो. त्या बिचाऱ्याचाही इलाज नाहीं. त्यास दुसरा तळ कोणीं दिला आहे? पण रात्रपाळी संपवून घरीं निघालेला कामगार आणि सकाळच्या प्रार्थनेची घंटा गांठूं पाहणारी विद्यार्थिनी या उभ्या गाडीस वळसा घालण्यासाठीं भर रस्त्यांत येतात, तेव्हां मागून टँकर येत असतो. पावसाळ्यांत तर साईडपट्टीवरील खड्डे पाण्यानें भरून सपाट दिसतात. पादचारी आणि पायगाडीवाला हे दोघे पदपथाच्या तुकड्यासाठीं एकमेकांशीं भांडत राहतात, आणि ज्यानें दोघांनाही कडेवरून हुसकलें तो मात्र भांडणांत कोठेंच नसतो, ही आम्हांस मोठी नवलाची गोष्ट वाटते. २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं, व पायगाडीवर बसलेलीं चार हजारांहून अधिक होतीं.

उपाय नवा शोधावयास नको. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें १९६२ सालींच पायगाड्यांच्या वेगळ्या मार्गाविषयीं शिफारशी छापिल्या, २०१५ सालीं त्या सुधारूनही घेतल्या. मूळ शिफारशींतील हिशेब मुलांसही समजेल असा आहे : ज्या रस्त्यावर तासाला दोनशेंहून अधिक मोटारी जातात, तेथें गर्दीच्या तासाला शंभर पायगाड्या असल्या तरी त्यांस वेगळा मार्ग देणें योग्य होय. हॉलंड देशांतील रस्ते आज पायगाडीचें माहेर समजले जातात. पण १९७१ सालीं तेथें एका वर्षांत चारशेंहून अधिक मुलें रस्त्यांवर मेलीं होतीं, आणि त्यानंतर आईबाप मुलांस घेऊन रस्त्यांत बसले, तेव्हां कोठें ते वेगळे मार्ग झपाट्यानें वाढले. ते आईबाप मुलांस "पदपथावरून जा" असें सांगून घरीं परतले नाहींत.

मुलांशींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे, कारण रस्त्यावरील हक्क मागणाऱ्यानें रस्त्याचे नियमही पाळले पाहिजेत. तिघांनीं रांगेनें न जातां एकमेकांशेजारीं गप्पा मारीत जाणें, जवळचें वळण गांठण्यासाठीं उजव्या कडेनें उलट येणें, संध्याकाळीं दिव्यावांचून निघणें, हे प्रकार आमच्या मुलांत सर्रास दिसतात. मागें कोणास डबल सीट घेऊन, तेंही दप्तरांसकट, उतारावर हात सोडून जाणारे वीर वरच्या वर्गांत आहेत, त्यांचीं नांवें आम्ही येथें छापीत नाहीं.

आतां एक सूचना. वरच्या वर्गांतील मुलांनीं शिक्षकांसमवेत एके सकाळीं, कारखान्यांच्या सुटीचा वार टाळून, पाळी बदलण्याच्या सुमारास एखाद्या नाक्यावर रस्त्यापासून दूर अशा ओट्यावर तासभर बसावें, आणि कागदावर तीन रकाने आंखावे : एकांत येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी, दुसऱ्यांत पायगाड्या, तिसऱ्यांत साईडपट्टीवर उभ्या असलेल्या मालमोटारी. असे तीन-चार नाके घेतले म्हणजे १९६२ च्या त्या हिशेबास आपला रस्ता उतरतो कीं नाहीं हें कोणासही ताडून पाहतां येईल. ते कागद पालकांच्या सभेपुढें ठेवून, पालकांच्या सह्यांनिशीं, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे व औद्योगिक विकास महामंडळाकडे पाठवावे, आणि मालमोटारींसाठीं वेगळ्या तळाची मागणी त्याच अर्जांत घालावी. मोजणी मे महिन्याच्या सुटीपूर्वींच उरकावी. जूननंतर साईडपट्टी पाण्याखालीं जाते, पुष्कळ मुलें पायगाडी घरीं ठेवून बसनें येऊं लागतात, आणि मग दुसऱ्या रकान्यांतील आंकडा खरा येणार नाहीं.