लग्नाआधी एक तपासणी

बोरिवली पूर्वेला मुंबई महानगरपालिकेचे एक केंद्र आहे. तेथे थॅलेसेमिया झालेल्या मुलांवर उपचार होतात. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते. ते हृदयाला व यकृताला अपाय करते, म्हणून ते बाहेर काढण्याचे औषधही रोज घ्यावे लागते.

या आजाराचे मूळ एका प्रथिनात आहे. प्रथिने म्हटले की तुम्हाला डाळ, अंडी, मांस आठवेल. पण आपले शरीर स्वतःही हजारो प्रथिने तयार करते. रक्तातील हिमोग्लोबिन त्यांपैकीच एक. ते प्राणवायू वाहून नेते. त्यात चार साखळ्या असतात : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत 141 कड्या, बीटात 146. ही रचना शोधण्यासाठी केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खर्च केला! 1962 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जो थॅलेसेमिया प्रामुख्याने आढळतो, त्यात बीटा साखळी फार कमी बनते किंवा बनतच नाही.

अशा मुलाचे आईवडील बहुधा धडधाकट असतात. ते फक्त वाहक असतात. भारतात शंभरांत तीन-चार माणसे अशी वाहक आहेत. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक वेळी मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

प्रथिनांचा अभ्यास इतका पुढे गेला आहे की आता यंत्र काही मिनिटांत वाहक ओळखते. मग आपण ही तपासणी का करत नाही? मला वाटते, भीतीमुळे. 'मुलीचे लग्न मोडेल,' असे घरचे म्हणतात. मुलाचे नाव कोणी घेत नाही, हे विशेष! खरे तर एकजण वाहक नसेल, तर मुलाला हा गंभीर आजार होत नाही. तेव्हा वाहकाने लग्नच करू नये, असे मुळीच नाही. दोघांनीही तपासून घ्यावे, आणि तेही मंगनीच्या आधी. पत्रिका छापल्यावर कोण ऐकणार? नात्यात लग्न ठरत असेल, तर ही तपासणी अधिकच गरजेची आहे. इराणने 1997 साली लग्नापूर्वीची तपासणी सक्तीची केली आणि तेथे असे आजारी जन्म पुष्कळ कमी झाले. आपल्याकडे सक्ती नसली, तरी विचारायला कोणाची मनाई आहे?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रक्ताच्या साध्या तपासणीत वाहकाचे हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते आणि पुष्कळदा त्याला विनाकारण लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. म्हणून डॉक्टरांना 'हिमोग्लोबिन ए-2' किती आहे, ते विचारा. हा आकडा 3.5 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते.