जुनी पण पळणारी गाडी घेताना

गेल्या चार महिन्यांत मी सतरा जुन्या गाड्या पाहिल्या. घरात हा थट्टेचा विषय झाला होता. सेहेचाळीस वर्षांचा मास्तर, दाढीत पांढरं आलेलं, आणि कॉलेजच्या पोरासारखा टर्बो इंजिनाची लहान गाडी शोधतोय. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात एका बुजुर्गांनी विचारलंच, "सर, सात सीटची घ्या की. पाहुणेरावळे असतात." त्यांचं चूक नव्हतं. पण सात सीटची गाडी वर्षातून सात वेळा भरते, आणि मी रोज एकटाच कराडहून पाटणला जातो-येतो. सत्तरेक किलोमीटर. महिन्यातून एकदा सासुरवाडीला चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट.

ज्यांना या गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाहेरून साधी घरगुती हॅचबॅक आणि आत नेहमीपेक्षा ताकदीचं इंजिन, कडक सस्पेन्शन, चांगले ब्रेक, अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. हा प्रकार जगभर लोकप्रिय केला १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. तिची ताकद फक्त ११० पीएस होती, पण वजन होतं ८१० किलोच्या आसपास. साध्या माणसाला परवडणारी वेगवान गाडी, ही त्यातली गंमत. त्याच नावाची गाडी २०२५ मध्ये आपल्याकडे आली ती पन्नास लाखांच्या पुढे. साधा माणूस त्यातून केव्हाच उतरलेला आहे. म्हणून आपल्यासारख्यांना जुन्या बाजारातच जावं लागतं.

जुन्या बाजारात जाण्याचं माझं आणखी एक कारण आहे. मी व्याजाचं कर्ज घेत नाही. हा माझ्यापुरता निर्णय आहे. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कुणाला मी नावं ठेवत नाही, माझ्या सख्ख्या भावाने घेतलीय. पण हिशेब म्हणूनही बघा. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. महिन्याला सोळा हजार सहाशेच्या आसपास हप्ता आणि पाच वर्षांत जवळजवळ दोन लाख नुसतं व्याज. दरम्यान गाडीची किंमत निम्म्यावर. माझ्याकडे रोख सव्वापाच लाख होते, तेही जुनी गाडी विकून येणारे पैसे धरून. त्यात बसेल ती गाडी.

आता इस्राफचा मुद्दा. घरातूनच तो आला. माझी बायको गणित शिकवते, तिने वहीच उघडली. महिन्याला साधारण १,७०० किलोमीटर. साधी छोटी गाडी लिटरला २० देते, म्हणजे ८५ लिटर. टर्बोवाली हात आखडता ठेवून १५ देईल, म्हणजे ११३ लिटर. अठ्ठावीस लिटरचा फरक, पेट्रोल शंभराच्या वर. महिन्याला तीन हजार रुपये कशासाठी जाळायचे? शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ज्या गाड्या त्यासाठी बनल्या नव्हत्या त्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलेलं आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल आणि आपल्याच खिशाला भोक.

मी तिला घाट दाखवला. म्हणजे एका रविवारी कॉलेजातल्या मित्राची साधी गाडी मागून घेतली आणि चौघं बसून कुंभार्ली चढलो. पुढे ट्रक, मागे एसटी. ट्रकला ओलांडायला सरळ रस्ता मिळतो तो दोनेकशे मीटर. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही, आणि समोरच्या वळणावर कुणाचा तरी हेडलाइट. मी ब्रेक दाबून परत ट्रकच्या मागे आलो. कुणी काही बोललं नाही. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आपण किती सेकंद असतो, हा माझ्या मते ताकदीच्या इंजिनाच्या बाजूचा एकमेव प्रामाणिक युक्तिवाद आहे. ऊस-हंगामात रात्री परतताना दोन ट्रॉल्या लावलेला, मागे ना दिवा ना रेडियम असा ट्रॅक्टर अचानक समोर येतो, तेव्हा दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे ब्रेक. बाकी मजेसाठी असतं, आणि मजा मला हवी होती, हेही मी वहीत लिहायला सांगितलं.

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी एकच विचारलं, "भागती कित्ती ते मत बता. रुकती कैसी वो बोल."

तर रुकती कैसी. माझ्या पैशात तीन नावं होती. पहिली पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणची. १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. महामार्गावर तिच्यासारखी रुबाबात बसणारी लहान गाडी मी चालवलेली नाही. २०१४ पासून पोलोत दोन एअरबॅग सरसकट आल्या, त्याही ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे मिळाल्यावर. पण तो डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत, उन्हाळ्यात तो तापतो, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल असं येतं की जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा त्यातच जावा. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याने जरूर घ्यावी. माझी ती एकमेव गाडी होणार होती. मागे ड्रम ब्रेक आहेत, हे अब्बांच्या कानावर घातलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. हीही आपलीच, रांजणगावची. ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत आली, १.४ लिटर टी-जेट, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क. त्या किमतीत तेवढी ताकद आपल्याकडे कुणी दिली नव्हती. स्टीअरिंग असं की रस्त्यावरचा खडा हाताला कळावा. मी पुण्यात एक चालवली आणि परत येताना एसटीत कराडपर्यंत तिचाच विचार करत होतो. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर, म्हणजे पाटणच्या गतिरोधकांवर रोज बिस्मिल्ला म्हणून चढायचं. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवून काही वर्षं झाली. टी-जेट इंजिन लिनियामध्येही असल्यामुळे जाणते मिस्त्री सापडतात, पण पुण्यात. कराडात नाहीत.

तिसरी मारुतीची बलेनो आरएस. २०१७ ते २०२० इतकीच मिळाली. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, १०२ पीएस, वजन ९५० किलोच्या घरात, चारही डिस्क. शौकीन तिला हॉट नाही, कोमट म्हणतात. खरंय ते. पण त्या १९७६ च्या गोल्फचे आकडे परत वाचा, फार लांबची नाही ती. टर्बो आणि इंजिनाचे भाग तिचे वेगळे आहेत, पण बाकीच्या सामानातलं बरंचसं साध्या बलेनोचंच, आणि ते तालुक्याच्या गावी मिळतं.

मॉडेल ठरवणं हा मात्र या कामातला सोपा भाग. घरगुती गाडी जुनी घेताना तुम्ही गाडी घेता, हॉट हॅच जुनी घेताना तुम्ही आधीच्या मालकाचा स्वभाव विकत घेता. त्याने इंजिनाला रिमॅप मारलंय का, थंड इंजिन रोज सकाळी पिळलंय का, ऑइल वेळेवर बदललं का, आणि विकायच्या आधी सगळं काढून मूळ सामान परत बसवलंय का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाहीत, आणि अपघात झाला की विमा कंपनी हेच आधी शोधते. आमचे उस्ताद बॉनेट उघडायच्या आधी त्यावर तळहात ठेवतात. गरम लागला तर म्हणतात, उद्या येतो, सुरू करून ठेवू नका. थंड सुरुवात, पहिला धूर, पहिला आवाज, त्यातच गाडी खरं बोलते.

पुण्यातल्या एका दुकानात दिसायला लखलखीत गाडी होती. एमएच ०८, रत्नागिरी पासिंग. दुकानाच्या पाटीवर ७८६ लिहिलेलं, मालकाने सलाम केला, चहा मागवला, "सर, आपले लोक आहात, तुम्हाला का फसवू?" खरं सांगतो, तेवढ्याने माझा निम्मा विश्वास बसला होता. उस्तादांनी मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ. मग स्टेपनीखाली बोट घातलं, गाळ. सर्व्हिस बुकात २०२१ च्या जुलैनंतर सहा महिने काहीच नाही. त्या जुलैत चिपळूण पाण्यात होतं, माझ्या सासऱ्यांच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. कुणाची तरी ती गाडी त्याच पाण्यात उभी असणार. पुरातली गाडी विकू नये असं नाही, सांगून विकावी. मालक म्हणाला, "वॉशिंगमध्ये पाणी गेलं असेल." चहा मी पूर्ण प्यायला नाही.

मदरशात लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि व्यापाऱ्याला विचारतात की ओलं धान्य वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. येताना गाडीत मी उस्तादांना ही गोष्ट जरा तावातावाने सांगितली. ते म्हणाले, "सर, तुमची जुनी गाडी विकायचीय ना? तिचं कूलंट कमी होतंय."

होत होतं. हेड गॅस्केट कुरकुरत होतं. महिन्याला अर्धा लिटर, बाहेर गळती नाही. एजंटचं म्हणणं होतं, भरून द्या, दोन महिने कुणाला कळत नाही. घ्यायला आलेला मुलगा उंब्रजचा, भाजीचा धंदा, नुकतं लग्न झालेलं. दर ठरला होता. बायकोने त्याला चहा दिला आणि आत जाऊन बसली. मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात होती. मी सांगितलं. तो गप्प झाला, मग त्याने मिस्त्रीला फोन लावला, आणि पस्तीस हजार कमी केले. मला बरं वाटलं असं मी लिहिणार नाही. दोन दिवस मी चिडचिडा होतो. ते पस्तीस हजार म्हणजे पुण्यातली अबार्थ होती.

व्यवहार मात्र कागदावर केला. आपल्या समाजात, आणि एकूणच गावाकडे, ओळखीच्या माणसाला गाडी दिली की कागद "होतील सावकाश". कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीने कुणी मेलं तर नोटीस तुमच्या दारात. कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, हे मी एकदा वर्गाबाहेर मुलांना विचारलं होतं. कुणालाच येईना. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे ती. आणि आपण "भाऊ आहे" म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होतो.

शेवटी इचलकरंजीत एक बलेनो आरएस मिळाली. मालक यंत्रमागाचे कारखानदार, जैन, साठीचे. फाइल काढून समोर ठेवली, प्रत्येक ऑइल बदलाची पावती, चारही टायरची, बॅटरीची. मी विचारायच्या आत म्हणाले, डावा मागचा दरवाजा रंगवलाय, नातवाने गेटला घासला होता. उस्तादांनी फाइल बाजूला ठेवली आणि दरवाजा पाहिला. खरंच तेवढाच होता. घासाघीस मी केलीच नाही, बायको अजून त्यावरून बोलते. चार लाख ऐंशी हजार, त्याच दिवशी फॉर्मवर सह्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो, म्हणून माझ्या जुन्या पॉलिसीचा दाखला आधीच काढून ठेवला होता.

गाडी कोमट आहे. अबार्थसारखी छातीत धडधड होत नाही. पण कुंभार्लीच्या त्याच दोनशे मीटरवर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक मागे पडतो, आणि रोज संध्याकाळी पाटणहून निघताना मला गाडीकडे जावंसं वाटतं, हे बारा वर्षांत पहिल्यांदा. मागच्या आठवड्यात अब्बांना घेऊन गेलो. उतारावर त्यांनी न सांगता, जुन्या सवयीने, आपला उजवा पाय दाबला. मी ब्रेक लावला. गाडी सरळ रेषेत थांबली.

"हां," ते म्हणाले. "अब टायरां बदल."

पुढचे दोन महिन्याभरात बदलायचे आहेत.