भुताच्या छायाचित्राला किती गुण?

व्हिडिओ खेळांतली भुते पाहून मुले अंधश्रद्ध होतात, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ‘खेळच तो, त्याचे काय एवढे?’ असे मुले म्हणतात. माझ्या मते ही दोन्ही मते घाईची आहेत. कादंबरीची किंवा नाटकाची आपण गुणदोषांसह चर्चा करतो. तशी ती खेळाचीही करावयास हरकत नसावी. भयाच्या खेळांत जपानी पद्धतीचा म्हणून जो एक प्रकार ओळखला जातो, त्यातला एकच नमुना येथे तपासून पाहू.

टेक्मो या जपानी कंपनीने २००१ साली ‘फेटल फ्रेम’ ही खेळांची मालिका सुरू केली. जपानात तिचे नाव ‘झीरो’. तिचा दुसरा भाग २००३ साली प्लेस्टेशन २ या यंत्रावर आला. मिओ आणि मायू या जुळ्या बहिणी. लहानपणी जेथे खेळल्या ती जागा धरणात जाणार, म्हणून त्या ती अखेरची पाहावयास येतात आणि रानात वाट चुकून एका नाहीशा झालेल्या गावात शिरतात. त्या गावात कधी उजाडतच नाही. उजनीचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. तेव्हा हरवलेले गाव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको.

या खेळाचा पहिला गुण असा, की खेळाडूच्या हाती बंदूक नाही, तलवार नाही. आहे तो एक जुना कॅमेरा. भुताचे छायाचित्र घेतले की ते दुर्बळ होते. आणि ते जितके जवळ येऊ द्यावे तितका परिणाम अधिक. भिऊन डोळे मिटावेत हा माणसाचा स्वभाव; हा खेळ नेमके तेवढेच करू देत नाही. शिवाय मायू लंगडते. लहानपणी मिओ पुढे धावत सुटली आणि मागून येणारी मायू पडली, तेव्हापासूनचे हे लंगडणे. त्यामुळे खेळाडूला पळावेसे वाटते तेव्हा बहीण मागे राहील ही धास्तीही असते. भुताच्या भीतीपेक्षा ही भीती मला मोठी वाटते.

दुसरा गुण अधिक मोलाचा. या गावातली भुते उगीच भुते झालेली नाहीत. पाताळाचे दार बंद राहावे म्हणून जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्याचा गळा आवळावयाचा, अशी त्या गावची रीत होती. याए आणि साए या बहिणींनी पळून जाण्याचे ठरविले. याए निसटली, साए सापडली आणि तिचा एकटीचा बळी दिला गेला. विधी फसला व गाव अंधारात बुडाले. रक्ताळलेल्या किमोनोत हसत फिरणारी साए प्रथम दिसते तेव्हा छातीत धस्स होते. पण घराघरांत पडलेल्या वह्या वाचत गेल्यावर कळते, की हिला मारणारे गावच होते. आपल्याकडे अळवंतीण म्हणतात ती कोण? बाळंतपणात गेलेली बाई. जपानात तशाच भुताला उबुमे म्हणतात. जिला वाचविता आले नाही, तिलाच दोन्हीकडचे लोक भीत बसले!

आता दोष. तीच चार घरे, तेच जिने, तीच कुलुपे यांतून खेळाडूला पुन्हा पुन्हा फिरविले जाते. रानात चकवा लागला की माणूस फिरून त्याच झाडापाशी येतो, तसेच हे. पण एकाच रात्री दहा वेळा चकवा लागला तर माणूस घाबरत नाही, वैतागतो. चालही संथ आहे, त्यामुळे कंटाळ्यात भरच पडते.

याहून गंभीर दोष गुणांच्या हिशेबाचा. प्रत्येक छायाचित्राला गुण मिळतात, आणि ते साठवून कॅमेऱ्याची शक्ती वाढविता येते. घटकाभरापूर्वी जिची वही वाचून आपण हळहळलो, तीच समोर आली की ‘आणखी थोडी जवळ येऊ दे, गुण जास्त मिळतील’ असे मनात येते. खेळ एका हाताने करुणा देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो.

सावरगावच्या वाचकाने हा प्रश्न दूर जपानचा समजू नये. आपल्या सौंसर भागात जामसांवळीच्या हनुमानाकडे ‘बाधा’ झालेल्या माणसांना आणण्याची जुनी रीत आहे. श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण अंगात आलेल्या बाईभोवती कोठेही गर्दी जमते, आणि आता त्या गर्दीच्या हातात मोबाईल असतो. चित्र घेणारे पुष्कळ; हिला सासरी काय सोसावे लागले, हिला दवाखाना हवा की माहेर, हे विचारणारे थोडे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा त्याने गुन्हा ठरविला. मात्र त्या कायद्याची हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते, आणि सावरगाव सीमेच्या अलीकडे आहे. येथे तरी शहाणपण ज्याचे त्यानेच दाखवावयाचे आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझे सांगणे, की असा खेळ सरसकट वाईट नाही. भुतामागचे माणूस दाखविण्याचे काम तो कित्येक प्रवचनांपेक्षा बरे करतो. आणि मित्रांना सांगणे, की चित्रे घेण्याच्या घाईत वह्या वाचावयाच्या राहू देऊ नका. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची भयकथा आपल्या भाषेत आहे, मुंजा-हडळीच्या गोष्टी घरोघर आहेत. उद्या आपल्यापैकी कोणी मराठीत असा खेळ करील. त्याने जपान्यांचे मोकळे केस आणि पांढरे कपडे घेतले नाहीत तरी चालेल. हिच्यावर अन्याय कोणी केला, हा त्यांचा प्रश्न मात्र जरूर घ्यावा. आणि तिच्या दुःखाला गुण देऊ नयेत.